कानातला पिवळा बिल्ला: टॅग, पक्कड आणि नोंद, कोल्हापूरच्या गोठ्यातून केलेलं परीक्षण

गाई-म्हशींच्या कानातला 12 अंकी पिवळा टॅग, आपल्याकडं ज्याला सरसकट बिल्ला म्हणतात तो, वस्तू म्हणून चांगला आहे. पण तो एकटाच हातात घेऊन तपासायचा तर परीक्षण अर्धवट राहतं. बिल्ला, तो बसवायची पक्कड, बसवणाऱ्याचा हात आणि त्यामागची ‘भारत पशुधन’ या संगणक प्रणालीवरची नोंद, हे सगळं मिळून ही सेवा होते. बिल्ला आणि पक्कड यांना आम्ही चांगले मार्क देतो. हात गावोगावी बदलतो. नोंदीकडं मात्र सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि खरी गरज तिचीच असते. म्हैस विकली, व्याली, मेली किंवा बिल्ला तुटून पडला, यांतलं काहीही झालं की जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं असतं. करवीर, कागल, हातकणंगल्याच्या गोठ्यांत हे माहीत आहे, तरी ‘सवडीनं सांगू’ म्हणून राहून जातं. मग विम्याचा माणूस दारात येतो किंवा पंचनामा चालू असतो, आणि कानातला नंबर दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघतो.

आधी नियम. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. हे फक्त पेठ वडगावच्या बाजारापुरतं नाही. बाजार समिती, आठवडी बाजार आणि गावातल्या गावात शेजाऱ्याला दिलेली पाडीसुद्धा त्यात आली. बिनटॅगच्या जनावराला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवा नाहीत. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांत जनावर दगावलं आणि कानात टॅग नसला, तर भरपाई देय होत नाही. ग्रामपंचायतीनं विक्रीचा दाखला देताना त्यावर टॅग नंबर लिहायचा आहे. बिनटॅगचं जनावर गाडीत घातलं तर मालकावर आणि वाहतूकदारावरही कारवाई होते. 2024 मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला आधी 5 आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान दिलं, तेही टॅगच्या नोंदीशी जोडलेलं होतं. त्या काळात ज्यांच्या गाईंची नोंद आधीच नीट होती, त्यांना दूध संस्थेत हेलपाटे घालावे लागले नाहीत.

आता प्रत्यक्ष वस्तूकडं.

बिल्ला दोन तुकड्यांचा असतो. मागच्या तुकड्याला नर म्हणतात, त्याला टोकदार दांडी असते. पुढचा तुकडा मादी, त्यावर 12 आकडे आणि बारकोड. नराची दांडी कान भेदून मादीच्या टोपणात शिरते आणि आत अडकते. एकदा अडकली की उलटी खेचून निघत नाही. काढायचा तर कापावाच लागतो, आणि कापलेला बिल्ला परत बसत नाही. एका जनावराचा नंबर दुसऱ्याच्या कानात जाऊ नये म्हणून ही रचना मुद्दाम अशी ठेवलेली आहे, आणि ती चांगली पाळली गेली आहे. पॉलियुरेथेनचा असल्यामुळं बिल्ला वाकवला तर वाकतो, सोडला की सरळ होतो. साधं कडक प्लास्टिक उन्हात तडकलं असतं. हा बिल्ला कान ज्या बाजूला वळेल तिकडं वळतो, त्यामुळं नीट बसला तर जनावराला त्याचा भार जाणवत नाही.

उणीव आहे ती वाचण्याची. नवा बिल्ला हातभरावरून वाचता येतो. दोन-तीन वर्षांनी म्हशीच्या कानातला बिल्ला पाहिला, तर त्यावर शेण, चिखल आणि कानातल्या केसांचं तेल यांचा काळपट थर असतो. कान धरून, ओल्या फडक्यानं पुसून, उजेडाकडं फिरवल्याशिवाय आकडे लागत नाहीत. 3 आणि 8, 1 आणि 7 यांत हमखास गल्लत होते. म्हणून नंबर नेहमी चार-चारच्या तीन गटांत वाचायचा, एकानं वाचायचा आणि दुसऱ्यानं परत म्हणून दाखवायचा. पुसायला मऊ फडकं आणि कोमट पाणी पुरतं. तारेची घासणी किंवा विळ्याची पात लावली तर थराबरोबर आकडेही जातात.

रंगकामाचंही तसंच. बेंदराला बैलांची शिंगं रंगवताना आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवताना ऑइल पेंटचा ओघळ बारकोडवर येतो आणि मग मोबाईलला तो बारकोड वाचता येत नाही. रंग लावायच्या आधी बिल्ल्याला कागद गुंडाळून वर चिकटपट्टी लावा, रंगकाम झाल्यावर काढा. दोन मिनिटांचं काम आहे. रंग आधीच लागला असेल तर रॉकेल किंवा थिनर कानाजवळ नेऊ नका, कातडी भाजते. खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, मग फडक्यानं हळूहळू सोडवा.

ऑनलाइन किंवा दुकानात 1 ते 100 आकड्यांचे रंगीत टॅग विकत मिळतात. गोठ्यातली जनावरं ओळखायला ते चांगले, पण त्यांचा सरकारी नोंदीशी काही संबंध नाही. मोठा गोठा असेल तर असा टॅग दुसऱ्या कानात घाला. मात्र तो दाखवून बाजारात जनावर विकता येईल किंवा विम्याचा दावा होईल, अशी समजूत करून घेऊ नका.

पक्कड ही या सगळ्यातली साधी आणि भरवशाची गोष्ट. तिच्या एका जबड्यात सुई असते, तिच्यावर नर चढतो. दुसऱ्या जबड्यात खाच आणि स्प्रिंगची पट्टी असते, तिच्यात मादी सरकते. बिघाड जवळजवळ नेहमी सुईत असतो. पक्कड खाली पडली किंवा जनावरानं ऐन वेळी मान झटकली की सुई किंचित वाकते. डोळ्याला ते दिसत नाही, पण पुढचा प्रत्येक बिल्ला टोपणाच्या कडेला आपटतो, अर्धवट अडकतो आणि आठ-दहा दिवसांत गळून पडतो. एकाच गल्लीतल्या चार-पाच गोठ्यांतले बिल्ले एकाच आठवड्यात पडले, तर बिल्ल्यांना दोष देण्याआधी त्या दिवशीची पक्कड तपासायला सांगा. तपासणी सोपी आहे: दोन्ही तुकडे चढवायचे आणि कान मध्ये न घेता जबडा हलकेच, पूर्ण न दाबता, मिटवून बघायचा. दांडीचं टोक टोपणाच्या बरोबर मध्यावर येतं का ते दिसतं. दुसरी गोष्ट, एका कंपनीचा बिल्ला दुसऱ्या कंपनीच्या पकडीत बसेलच असं नाही, कारण सुईची जाडी आणि लांबी वेगवेगळी असते. जबरदस्तीनं बसवलेला नर दाबताना फाटतो.

प्रत्येक जनावरामागं सुई स्पिरिटनं किंवा जंतुनाशकानं पुसली गेली पाहिजे. यावर आमचा आग्रह आहे. सुई रक्ताला लागते, आणि अॅनाप्लाझ्मोसिससारखे रक्तातले रोग अशा अवजारावरून एका जनावराकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतात. एचएफ आणि जर्सी संकरित गाई असल्या आजारांना लवकर बळी पडतात. पुसायचं राहिलं तर मालकानं बिनदिक्कत सांगावं, ‘डॉक्टर, एकवार पुसून घ्या.’ चांगला माणूस याचा राग मानत नाही.

आता बसवण्याचं काम. यात दोन बोटांचा फरकही मोठा असतो.

कानाच्या आतून बोट फिरवलं की बुडख्याकडून टोकाकडं जाणाऱ्या कूर्चेच्या उंच पट्ट्या लागतात. ठळक रक्तवाहिन्या त्यांच्याच आधारानं जातात. बिल्ला या दोन पट्ट्यांच्या मधल्या सपाट जागेत बसला पाहिजे, आणि कानाची लांबी तीन भागांत धरली तर मधल्या भागात. शंका असेल तर कानामागं मोबाईलची बॅटरी धरा. कातडीतून शिरांचं जाळं लालसर दिसतं, त्यात मोकळी जागा शोधता येते. टोकाकडं बसवला तर तो लोंबतो आणि गव्हाणीच्या पाइपात, तारेत, झुडपात अडकून कान चिरतो. आपल्याकडं गव्हाणीत उसाचं वाढं टाकतात, म्हसरं त्यात मान खुपसून डोकं हलवत खातात, त्यामुळं टोकाकडचा बिल्ला सगळ्यात आधी निघतो. बुडख्याकडं बसवला तर तिथं कान जाड असल्यानं दोन्ही तुकडे कातडी दाबतात, हवा लागत नाही, सूज येते आणि आतून पू होतो. शिरेवर बसवला तर रक्त थांबत नाही. उलटा बसवला, म्हणजे नंबर मागं गेला, तर जखम होत नाही पण पुढं आयुष्यभर नंबर वाचायला जनावराच्या मागं जाऊन कान पिरगाळावा लागतो. आकडे पुढून दिसले पाहिजेत, म्हणजे नर कानाच्या मागून आत यायला हवा.

क्रम असा. जनावर खोड्यात घ्यायचं. खोडा नसेल तर मोरकी घालून खांबाला आखूड बांधायचं, एकानं नाकपुडी धरायची, दुसऱ्यानं मान अंगाशी दाबून धरायची. कान कोरडा पाहिजे. भिजलेला असेल तर पुसून घ्यायचा, कारण ओल्या केसांतून घाण जखमेत जाते. जागेवर स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीनचा बोळा फिरवायचा, बिल्ल्याची दांडीही त्यातच बुडवायची. मग पक्कड कानावर आणायची आणि एका दमात, न थबकता, पूर्ण दाबायची. ‘खट्’ असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय सोडायची नाही. घाबरून अर्धवट दाबली की दांडी कातडीत अडकते, जनावर उधळतं आणि कान फाटतो. बसल्यावर बिल्ला बोटानं गोल फिरवून बघायचा. सहज फिरला आणि कान व तुकडा यांच्यात थोडी फट राहिली तर काम बरोबर झालं. वासराच्या बाबतीत ही फट जास्त मोलाची, कारण कान वाढणार असतो.

गाभण म्हशीचा शेवटचा महिना चालू असेल तर दांडगाई करून बसवू नका, व्याल्यावर बसवता येतो. अंगात ताप असलेलं जनावरही थांबवा. पावसाळ्यात बसवू नये असा काही नियम नाही, पण राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांत जून ते सप्टेंबर गोठा कोरडा राहत नाही आणि माशी जखमेवर बसते. त्या दिवसांत बसवला तर तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी कान उलटून बघणं चुकवू नका. नुसती सूज असेल तर ती उतरते. वास आला, पाणी झरू लागलं किंवा जनावर सारखं डोकं झटकू लागलं, तर किडं पडलेत असं समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. साधारण पंधरा-वीस दिवसांत भोक भरून कातडी कडक होते. तोवर माशी न बसण्याचा फवारा किंवा मलम लावत राहायचं. घरगुती उपाय म्हणून हळद ठीक आहे, पण तंबाखू, ग्रीस, जळकं ऑइल जखमेत भरू नका.

इथवर बिल्ल्याचं झालं. आता नोंद.

बिल्ला बसवल्यावर मालकाचं नाव, मोबाईल, गाव, जनावराची जात, लिंग, वय, वेतं, गाभण आहे की नाही, अशी माहिती ‘भारत पशुधन’वर भरली जाते. आधी हीच माहिती ‘इनाफ’ नावाच्या प्रणालीवर होती. माहिती भरताना मालक शेजारी उभा पाहिजे. सगळ्यात मोठी चूक मोबाईल नंबरची होते. घरात तीन फोन असतात, त्या क्षणी हाताला लागला तो नंबर सांगितला जातो, आणि पुढं तोच नंबर बंद पडतो. ओटीपी मागितला गेला तर तो तिथंच जातो, निरोपही तिथंच. म्हणून दूध संस्थेत खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव आणि त्याचाच चालू नंबर सगळीकडं एकच ठेवा. दुसरी चूक जातीची. मुऱ्हा, मेहसाणा, जाफराबादी, पंढरपुरी यांत गल्लत झाली की विम्याच्या वेळी अंगावरच्या खुणा आणि कागद जुळत नाहीत.

लसीकरणाची नोंद याच नंबरावर होते, आणि आमच्या मते या सेवेचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. लाळ्या-खुरकूताची लस चार महिन्यांच्या पुढच्या जनावराला दर सहा महिन्यांनी द्यायची असते. ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासराला, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जंतूची लस आहे, त्यामुळं गाभण जनावराला आणि नराला देत नाहीत. अशी लस दिलेल्या कालवडीचं रक्त पुढं तपासलं तर काही वेळा लसीमुळंच रोग असल्यासारखा निकाल येऊ शकतो. अशा वेळी नंबरावर लसीची तारीख असेल तर डॉक्टर निकालाचा अर्थ बरोबर लावतात. नोंद नसेल तर चांगली कालवड रोगी ठरते आणि मातीमोल भावानं जाते. मालकाला आपल्या जनावरांची नोंद ‘1962 फार्मर्स’ अॅपवर बघता येते. लसीकरण झालं की दोन दिवसांत तिथं उघडून तारीख चढली का ते बघा. नसेल तर लगेच सांगा. वर्षानं सांगून कुणालाच काही आठवत नाही.

जनावर विकताना मालक बदलायची नोंद घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्या हिताची आहे. पण पैसे मोजले, दावं हातात दिलं की व्यवहार संपला असं धरलं जातं. मग विकलेली म्हैस जुन्या मालकाच्या नावावर वर्षानुवर्षं ‘जिवंत’ राहते. नवा मालक ती दवाखान्यात नेतो तेव्हा निरोप जुन्या मालकाच्या फोनवर जातात. नव्याचा विमा अडतो, कारण नाव जुळत नाही. म्हणून ठरवूनच टाका: उरलेले पैसे देण्याआधी दोघांनी मिळून घेणाऱ्याच्या गावच्या दवाखान्यात जायचं, कानातला नंबर पावतीवर आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर घालायचा आणि नाव बदललेलं स्क्रीनवर बघायचं. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, मध्ये असेल तर त्याला हे आधीच सांगा. त्याच्याकडं जनावर चार दिवसच असतं, त्यामुळं तो हे काम टाळतो.

हरियाणा, गुजरातमधून म्हैस आणणाऱ्यांसाठी हा मुद्दा अधिकच मोठा. ती म्हैस लाखाच्या वरची असते. देशभर हीच 12 आकडी पद्धत असल्यामुळं तिच्या कानात बहुधा आधीच बिल्ला असतो. तो कापून इथं नवा घालू नका आणि कुणाला घालू देऊ नका. एका जनावराचे दोन नंबर झाले की एका नंबरावर तिकडच्या लसी, दुसऱ्यावर इकडचं वेत, आणि विम्याच्या वेळी कुठलाच नंबर पूर्ण पटत नाही. तिथं म्हैस पसंत पडली की गाडीत चढवण्याआधी बिल्ल्याचा जवळून फोटो, म्हशीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि विकणाऱ्याच्या हातची पावती घ्या. कानात ताजं भोक किंवा कापलेल्या बिल्ल्याचा तुकडा दिसला तर सरळ विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर ती म्हैस सोडा. बिल्ला खरोखरच नसेल तर तो निघण्याआधी तिथंच बसवून घ्यावा लागतो, कारण राज्याच्या हद्दीत येतानाच टॅग आणि नोंद तपासायची आहे.

बिल्ला पडला तर काय? नवा मिळतो, पण तो जुन्या नंबराच्या जागी बदलून घ्यायचा असतो, नवीन जनावर म्हणून चढवायचा नसतो. इथं मालकाइतकीच बसवणाऱ्याचीही चूक होते: जुना नंबर कुणाला आठवत नाही, रांग मोठी असते, आणि नवीन नोंद करणं झटपट होतं. असं झालं की जुना सगळा इतिहास तुटतो. मालकाच्या मोबाईल नंबरावरून जुनी नोंद शोधता येते, त्यामुळं ‘नंबर आठवत नाही’ ही अडचण खरी नाही. आग्रह धरा. विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा आणि नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्या. जनावरांच्या विम्यात ‘टॅग नाही तर दावा नाही’ ही अट असते, आणि ती कडकपणे लावतात.

जनावर मेलं तर दुःखाच्या घाईत सगळ्यात महाग चूक होते: कान कापून बिल्ला काढून ठेवला जातो किंवा जनावर पुरून टाकलं जातं. थांबा. आधी विमा कंपनी आणि दवाखाना या दोघांना कळवा. बिल्ला कानात असतानाच फोटो काढा, एक नंबर वाचता येईल असा जवळचा, एक सगळं जनावर आणि मालक दिसेल असा. डॉक्टर येऊन शवविच्छेदन करतात, त्यांच्या अहवालात नंबर लिहिला जातो. तो पॉलिसीतल्या नंबराशी आकडा न आकडा जुळतो का हे सही होण्याआधी वाचा. बिल्ला बहुधा दाव्याबरोबर जमा करावा लागतो, म्हणून तो डॉक्टरांसमोरच काढायचा आणि जपून ठेवायचा. बिबट्यानं किंवा दुसऱ्या वन्यप्राण्यानं मारलं असेल, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड भागांत हे घडतं, तर वनविभागाला 48 तासांच्या आत कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवायचं नाही. ओढून रस्त्याकडेला आणलं तर ठसे, रक्त, ओढल्याच्या खुणा पुसल्या जातात आणि कुठल्या प्राण्यानं मारलं हे ठरवता येत नाही. सगळं उरकल्यावर ‘भारत पशुधन’वर मृत्यूची नोंद करायला सांगा. ती राहिली तर तुमच्या नावावर मेलेलं जनावर जिवंत राहतं आणि पुढच्या वेळी गोठ्यातली मोजणी जुळत नाही.

शेळ्या-मेंढ्यांबद्दल थोडक्यात: बिल्ला लहान असतो, पण कान पातळ आणि कळप झुडपातून चरणारा, त्यामुळं बिल्ला पडण्याचं प्रमाण जास्त. मेंढपाळांनी नंबरांची वही ठेवल्याशिवाय भागत नाही.

सेवा म्हणून मार्क द्यायचे तर: बिल्ला पाचपैकी चार, वाचण्याच्या अडचणीसाठी एक कमी. पक्कड साडेचार. बसवणं जिथं सवडीनं होतं तिथं चार, लसीकरणाच्या मोहिमेत एका दिवसात गाव उरकलं जातं तिथं अडीच. नोंद तीन, आणि यातले कमी पडलेले मार्क निम्मे मालकांच्या पदरात जातात. दवाखान्यांत माणसं कमी, गावं जास्त, हे खरं. पण विक्री, मृत्यू आणि पडलेला बिल्ला कळवायला मालकाशिवाय दुसरं कोण येणार? जनावर मुकं आहे, ते स्वतःचा नंबर सांगणार नाही.

शेवटी पुराचं. 2019 आणि 2021 च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून जनावरं घाईनं बाहेर काढावी लागली. छावणीत शेकडो म्हसरं एकाच दावणीला येतात, सगळी काळी, सगळी भिजलेली. तिथं आपली म्हैस मालक ओळखतो, पण वैरणीच्या यादीत आणि पंचनाम्यात ओळख लागते ती नंबरानं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की 43 फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता ही कामं उरका. प्रत्येक जनावराचा बिल्ला पुसून जवळून फोटो काढा आणि तो बाहेरगावच्या नातेवाईकाच्या फोनवर पाठवून ठेवा, कारण पुरात आपला फोन भिजतो किंवा चार्जिंग मिळत नाही. नंबर वहीच्या एका पानावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवा. पानावर नंबरासमोर जनावराची एक खूण लिहा, जसं ‘डावं शिंग मोडकं’ किंवा ‘कपाळावर पांढरं’. बिल्ल्याचा कान धरून फोटो काढताना अंगठा आकड्यांवर येतो, तो बाजूला घ्या आणि पहिला फोटो मोठा करून बाराही आकडे दिसतात का ते बघून मगच पुढच्या जनावराकडं जा. बिनबिल्ल्याचं एखादं वासरू राहिलं असेल तर पावसाच्या आधीच, मे महिन्यातच, दवाखान्यात किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करून सांगा. पाणी चढल्यावर पक्कड घेऊन कुणी गोठ्यापर्यंत पोचत नाही.